ऐंशीला लॉक

माझ्या धाकट्या जावेचा नवरा नव्वदनं पळतो आणि माझा ऐंशीनं, हे ज्या दिवशी मला कळलं त्या दिवसापासून मला घास गोड लागेना. फरक दहाचाच आहे, हे मलाही समजतं. पण ते दहा मला भाकरी थापताना दिसायचे, धुणं धुताना दिसायचे, आणि निशा समोरून गेली की तिच्या पाठीवर लिहिल्यासारखे दिसायचे. ही निशा म्हणजे माझी जाऊ.

मी नीलम. माहेर सदलग्याचं, सासर बोरगावचं, दोन्हीकडे जैन शेतकऱ्याचं घर. माझ्या नवऱ्याचं नाव भुजबली. नाव एवढं मोठं, आणि दंड असा की माझी बांगडी कोपराच्या वर सहज चढावी. अठरा वर्षं झाली, निपाणीच्या एका गूळ व्यापाऱ्याचा ट्रक चालवतात. पहाटे चारला ढेपा भरलेली गाडी घेऊन निघायचं, हुबळीच्या बाजारात माल उतरवायचा आणि संध्याकाळी परत. गाडी शेठजींची, पण मुक्काम आमच्या दारासमोर.

गाडी सुरू करायच्या आधी हे दहाच्या दहा चाकांखाली वाकून बघतात. कुत्र्याचं पिल्लू झोपलंय का, मुंग्यांची रांग चालली आहे का. रांग असली तर ती संपेपर्यंत उभे राहतात. एकदा अशीच रांग काही संपेना, आणि तिकडून शेठजींचा फोन. हे शांतपणे म्हणाले, "हौदु री, बर्तीनि." म्हणजे हो, येतोय. आणि पुन्हा मुंग्यांकडे बघत उभे राहिले. असल्या माणसाशी मी अठरा वर्षं संसार केला आहे, हे वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

ट्रकला कारखान्यातूनच एक यंत्र बसवून येतं. पाय किती का दाबा, काटा ऐंशीच्या पुढं जात नाही. कागदावर त्याला स्पीड गव्हर्नर म्हणतात, आमच्याकडे नुसतं 'लॉक'. गाडी ऐंशीला लॉक आहे म्हटलं की ड्रायव्हर लोकांना सगळं कळतं. मला त्या लॉकचं कधी काही वाटलं नव्हतं. माणूस मुळातच साठनं जाणारा, त्याला ऐंशीचं लॉक काय करणार?

मग कुमार परदेशी गेला. कुमार माझा धाकटा दीर, निशाचा नवरा. त्याला स्टेअरिंग धरायला ह्यांनीच शिकवलं, माळावर, शेठजींच्या जुन्या टेंपोत. दोन वर्षांपूर्वी तो एका एजंटामार्फत लिथुआनियाला ट्रक चालवायला गेला. हा देश युरोपात कुठंतरी वरच्या अंगाला आहे. आमच्या सासूबाई तारामती, त्यांना आम्ही आत्ती म्हणतो, त्यांना ते नाव अजून म्हणता येत नाही. त्या 'लिंबूनिया' म्हणतात.

जायच्या आदल्या दिवशी आत्तींनी त्याला गावच्या बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात नेलं आणि देवापुढं उभं केलं. आमच्या घरात दिवस मावळल्यावर कुणी जेवत नाही. हा नेम तिकडंही मोडायचा नाही, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. "पैसा कमी आण, पर रातचं खाऊ नगंस," एवढंच त्या म्हणाल्या. कुमारनं मान हलवली.

तो गेला आणि निशाच्या जिभेला लॉक राहिलं नाही. तिकडं ट्रकमध्ये बिछाना असतो. तिकडं फ्रीज असतो. तिकडं हॉर्नच वाजवत नाहीत. आणि एक दिवस, शेंगा फोडता फोडता, सहज बोलल्यासारखं करून ती म्हणाली, "आक्का, तिकडं ट्रक नव्वदला लॉक असतोय. आपल्यावानी ऐंशी न्हाय."

"मग काय झालं?" मी म्हणाले. म्हणाले खरी, पण हातातली शेंग टरफलासकट तोंडात टाकली.

पुढं हे नव्वद तिनं गावभर नेलं. पिठाच्या गिरणीत नव्वद, बस्तीत नव्वद, बचत गटात नव्वद. एकदाच तिची जिरली. गटातल्या जयाबाईचा भाचा कॅनडात ट्रक चालवतो. जयाबाई म्हणाली, "आमच्या पोराच्या भागात एकशे पाचला लॉक हाय बाई." निशाचा चेहरा असा उतरला की काय सांगू. त्या दिवशी मी एक भाकरी जास्त खाल्ली. पण जयाबाईचं घर पलीकडच्या गल्लीत, आणि निशा माझ्या चुलीपासून चार हातांवर. मला एकशे पाचचा त्रास नव्हता, नव्वदचाच होता.

त्यात भर सूर्याची. जून महिन्यात कुमारनं फोटो पाठवला. रात्रीचे साडेनऊ, आणि मागं स्वच्छ ऊन. निशा फोन घेऊन आत्तींकडे धावली. "आत्ती, तिकडं दिवस दहाला मावळतोय!" आत्तींनी तो फोटो कपाळाला लावला. "माझ्या लेकाच्या नेमापायी सूर्य थांबलाय बघ," म्हणाल्या. थोरल्या लेकासाठी सूर्य कधी दोन मिनिटं थांबला नाही, त्याचं कुणाला काही नव्हतं.

कारण ह्यांचं रोजचं गणित असं होतं. हुबळीत माल उतरायला दुपारचे बारा वाजतात. मग हे हातपाय धुऊन, गाळलेलं पाणी घेऊन, मांडी घालून जेवतात. धावत्या गाडीत घास घ्यायचा नाही, हाही एक नेम. जेवून गाडीच्या सावलीला तासभर झोपतात. एवढं करून निघायचं म्हटलं की थंडीच्या दिवसांत घरी यायला साडेसहा होतात. सूर्य सहालाच जातो. मी झाकून ठेवलेली भाकरी तशीच राहते आणि हे घोटभर पाणी पिऊन झोपतात. अठरा वर्षं हे चाललं होतं आणि खरं सांगते, मला त्याचं फार वाईट वाटत नव्हतं. नेम त्यांचा, पोट त्यांचं. पण आता निमित्त मिळालं.

दिवाळी झाली आणि मी विषय काढला. "निपाणीत एक मिस्त्री हाय म्हणं. एक वायर काढली की लॉक जातंय."

"जातंय की," हे म्हणाले.

"मग काढा. शंभरनं आलासा तर दिवस असताना घरी पोचशीला. दोन घास पोटात जातील."

"न्हाय गं. शेठनी इश्वासानं गाडी दिलीया."

"शेठला कोण सांगायला जातंय?"

"कुणी न्हाय. पर मला म्हाईत असतंय की." आणि पांघरूण ओढून झोपले. ह्यांच्याशी भांडायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं. भिंत निदान आवाज तरी करते.

मग मी माझं हत्यार काढलं. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळचं जेवण सोडलं. म्हटलं, तुम्ही उपाशी झोपता, मीही झोपणार. आत्तींना वाटलं, सून पतिव्रता आहे. निशाला वाटलं, आक्का वजन कमी करतेय. मला तेवढे नव्वद हवे होते, आणि जमलं तर ब्याण्णव. चौथ्या दिवशी मला घेरी आली आणि मी पाण्याच्या कळशीसकट दारात पडले. ह्यांनी मला उठवून बसवलं. 

"उद्या काढतो लॉक," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वीसला गाडी दारात! ऊन अजून अंगणात होतं. मी गरम भाकरी, वांग्याची भाजी आणि दही वाढलं. हे खाली मान घालून जेवले. चांगलं पोटभर जेवले, पुन्हा भाकरी मागून घेतली. मी विचारलं, "कितीनं आलासा?" तर म्हणाले, "आलो की येळंत." माझं समाधान झालं. दुसऱ्या दिवशी बस्तीतून येताना मी निशाला ऐकू जाईल अशा बेतानं जयाबाईला सांगितलं, "आमची गाडी आता पंच्याण्णवनं पळतीया."  निशानं नुसता पदर सारखा केला. त्या पदर सारखा करण्यावर मी तीन आठवडे जगले.

त्या तीन आठवड्यांत ह्यांची विजार दोनदा सैल झाली. मी नाडी बदलून दिली. जेवणाचा डबा रोज रिकामा यायचा, संध्याकाळचं जेवण दुप्पट व्हायचं, मग माणूस वाळतोय कशानं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी पंच्याण्णवच्या नादात होते.

डिसेंबरात हुबळीला माझ्या बहिणीच्या नातवाचं बारसं होतं. पहाटे मी ह्यांच्याबरोबरच ट्रकनं गेले. जाताना गाडीत गूळ भरलेला, अंधार, मी अर्धवट झोपेत. वाटेत बहिणीच्या गल्लीच्या तोंडाशी ह्यांनी मला उतरवलं. दुपारी बारसं उरकून मी रिक्षानं बाजारात पोचले, तेव्हा बारा-सव्वाबारा झाले होते. गाडी रिकामी होऊन उभी होती आणि हे चाकांखाली वाकून बघत होते.

"जेवलासा?" मी विचारलं.

"बस गाडीत," ते म्हणाले.

बेळगाव मागं पडलं. पुढं रस्ता सरळ, गाडी रिकामी, आणि माझी नजर काट्यावर. काटा अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी, ऐंशी. आणि तिथंच. एक एसटी आम्हाला मागं टाकून गेली. मग एक लग्नाची गाडी गेली, तिच्या खिडकीतून एका म्हातारीनं माझ्याकडे बघितलं.

"दाबा की," मी म्हणाले.

"दाबलंय."

"मग जात का न्हाय?"

ह्यांनी आरसा सारखा केला. मला समजलं. लॉक काढलंच नव्हतं. तीन आठवडे मी गावभर पंच्याण्णव मिरवत होते, आणि हा माणूस ऐंशीनं जात-येत होता! माझ्या अंगाचा भडका उडाला. मी तोंड फिरवून बाहेर बघत बसले. आता निशाला काय सांगू, एवढंच डोक्यात. पाच-दहा मिनिटं तशीच गेली असतील.

मग चाकाखालून खर्रर्र असा आवाज आला. गाडी रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर गेली होती. मी वळून बघितलं, तर ह्यांची मान छातीवर आली होती. हात स्टेअरिंगवर, डोळे मिटलेले.

"अहो!" मी ओरडले, आणि त्यांच्या दंडाला धरून असं हलवलं की माझ्या दोन बांगड्या फुटल्या. ते दचकले, गाडी सावरली, आणि कडेला घेऊन उभी केली. पुढं थोड्याच अंतरावर तवंदीचा घाट होता. तिथला उतार आणि वळण ज्यांनी बघितलंय त्यांना मी जास्त काही सांगायला नको.  पाण्याची बाटली घ्यायला मी सीटच्या मागं हात घातला, तर हाताला जेवणाचा डबा लागला. जड होता. उघडला. पहाटे भरला होता तसाच, भाकरीची घडीसुद्धा मोडली नव्हती.

"हे काय?"

"आज नागोजी आला न्हाय," ते म्हणाले. "हमाल हाय तिथला. रोज त्याला देतो. अन्न टाकून कसं द्यायाचं?"

"रोज?"

"व्हय."

"आणि तुम्ही?"

ते कपाळावरचा घाम पुसत राहिले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लॉक त्यांना काढायचं नव्हतं आणि मला उपाशी ठेवायचं नव्हतं. मग वेळ आणायचा कुठून? दुपारचं जेवण आणि झोप मिळून सव्वा तास जात होता. तो सोडला. बाराला माल उतरला की तसंच निघायचं, पाण्याच्या घोटावर. चोवीस तासांत एकदाच जेवायचं, तेही माझ्यासमोर. "एक वेळच्या जेवणानं माणूस मरत न्हाय गं," ते म्हणाले. "पर झोप लई येती."

मी त्यांच्याकडे बघितलं. एवढासा माणूस. नेम मोडला नाही, शेठजींचा विश्वास मोडला नाही, मुंगी मारली नाही. आणि मी माझ्या दहासाठी त्याला घाटाच्या तोंडावर आणून उभं केलं होतं. मला रडायला आलं आणि रागही आला. इतका शहाणा माणूस एकदा तरी बायकोवर ओरडला असता तर काय बिघडलं असतं?

सूर्य अजून दोन-तीन हात वर होता. मी बाटलीतलं पाणी त्यांच्या हातांवर ओतलं. खाली बांधाला एका आंब्याची सावली होती, तिथं पोतं अंथरलं. "बसा. जेवा," म्हटलं. ते जेवले. सगळा डबा त्यांनाच वाढला. एक भाकरी त्यांनी माझ्याकडे सरकवली, ती मी परत त्यांच्या पानात टाकली. जेवून ते तिथंच आडवे झाले आणि क्षणात घोरायला लागले.

मी शेजारी बसून माश्या वारत होते. समोरून ट्रक जात होते, एकामागून एक, बहुतेक सगळे ऐंशीनं. मला निशाचं एक बोलणं आठवलं. तिकडं साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबावंच लागतं, गाडीत कार्ड असतं, न थांबता गेलं तर त्यावर उमटतं आणि दंड होतो. तेव्हा मी नाक मुरडून म्हटलं होतं, थांबायचासुद्धा पगार मिळतोय तुझ्या नवऱ्याला, भाग्यवान आहे. आता मी ह्यांना पुरता दीड तास झोपू दिलं. सूर्य गेला. माझं त्या दिवसाचं संध्याकाळचं जेवणही गेलं.

घरी पोचायला साडेसात झाले. निशा दारातच उभी. आत्ती मागं ओट्यावर.

"आज उशीर, आक्का?" निशा गोड आवाजात म्हणाली. "पंच्याण्णवची गाडी न्हवं तुमची?"

सगळी गल्ली ऐकत असल्यासारखं मला वाटलं.  पण म्हणाले, "ऐंशीची हाय. लॉक हाय. कधी काढलंच न्हवतं." आणि चपला काढून आत गेले. पाठीमागं ती हसली असेल असं वाटलं. वळून बघायचं धाडस झालं नाही.

साडेआठला कुमारचा व्हिडिओ कॉल आला. हा रोजचा, तिकडं तेव्हा दुपारचे चार असतात. आत्ती ओट्यावरून, "आला का माझा लेक?" म्हणत आत येऊन बसल्या. त्यांना लांबचं दिसत नाही, त्या नुसता आवाज ऐकतात. निशा नेहमी फोन स्वतःच्या हातात धरते, कुणाकडे देत नाही. त्या दिवशी चुलीवरचं दूध उतू जायला लागलं म्हणून तिनं घाईनं फोन माझ्या हातात दिला.

"भाऊजी," मी म्हणाले, "एक विचारू? तुमची गाडी नव्वदनं पळतीया न्हवं?"

"गाडी नव्वदला लॉक हाय वैनी," कुमार म्हणाला. "पर आता पोलंडात हाय मी, हितं ट्रकला पाटी ऐंशीचीच. जर्मनीतबी ऐंशीच. नव्वद कुठं कुठंच. निशाला म्हाईत हाय की."

निशा दुधाचं पातेलं धरून उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मला हसायला यायला हवं होतं. दोन वर्षं जिनं मला नव्वदनं भाजलं, तिचाही नवरा ऐंशीवालाच निघाला! आता फक्त मोठ्यानं बोलायचा अवकाश होता. जयाबाईपर्यंत सकाळीच पोचलं असतं.

तेवढ्यात कुमारनं चमचा तोंडात घातला. मी नीट बघितलं. तो केबिनमध्ये एकटा बसून कसलंसं सूप पीत होता, डोक्यावर पिवळा दिवा, दाढी वाढलेली. त्याच्या मागच्या काचेत काळामिट्ट अंधार होता. जूनमध्ये दहाला मावळणारा सूर्य डिसेंबरात कधी मावळतो, हे आमच्या घरात कुणी विचारलंच नव्हतं. कुमारनंही माझे डोळे कुठं लागलेत ते ओळखलं असावं. त्यानं चमचा खाली ठेवला.

निशा पातेलं टाकून माझ्याजवळ आली. माझा हात धरला. तिची बोटं गार होती. "साडेतीनलाच रात होतीया तिकडं आता," ती माझ्या कानात म्हणाली. "माल उतरवून सवडीनं खायाला बसंस्तोवर अंधार पडतोय. एकटंच असतंय ते आक्का. आत्तींना नगा सांगू."

"जेवतोय का माझा लेक?" भिंतीला टेकून बसलेल्या आत्ती म्हणाल्या. "का गं नीलम, तिकडं उजेड हाय न्हवं अजून?"

निशानं माझा हात आणखी घट्ट धरला. मी त्या काळ्या काचेकडे बघितलं. पोटात कावळे ओरडत होते.

"हाय आत्ती," मी म्हणाले. "लख्ख ऊन पडलंय. जेवा भाऊजी, सावकाश जेवा."